आधी नंबरप्लेट, मग नट-बोल्ट

नागपुरातल्या जरीपटक्याहून सकाळी सायकल काढली की कोराडी होतं, गोरेवाड्याचा फेरा होतो, सुटीच्या दिवशी दम असला तर रामटेकही होतं. होत नाही तो घाट. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर वसलेलं, आजूबाजूचा मुलूख सपाट, आणि सेमिनरी हिल्सचा चढ पाय गरम करण्यापुरता. मांड्यांची खरी परीक्षा घ्यायची तर सव्वादोनशे किलोमीटरवरचं चिखलदरा गाठावं लागतं; परतवाड्यापासून चढत जाणारा तो रस्ता सुमारे ११०० मीटर उंचीवर पोचतो. या शहरात सायकल हा केवळ रविवारचा विरंगुळा राहिलेला नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली आणि पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरांहून लांब शर्यतही. दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्यांमध्ये, उतरणारी माणसं आता गल्लोगल्ली भेटतात. त्यांच्या सायकली घाटापर्यंत, दुसऱ्या गावातल्या स्टार्ट पॉइंटपर्यंत न्यायच्या असतात, आणि त्या मोटारीनेच जातात. ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी नागपुरात समृद्धी महामार्गाच्या पहिल्या टप्प्याचं आणि कामठी रोडवरून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाणाऱ्या मेट्रोचं उद्घाटन झालं. मेट्रोत सायकल डब्यात घेऊन चढता येतं, पण मेट्रो चिखलदऱ्याला जात नाही. समृद्धी नाशिकच्या डोंगरांपर्यंत पोचवते, पण तिच्यावर दुचाकीला मज्जाव आहे. तिथे सायकल जाईल ती दुसऱ्या गाडीच्या अंगावर बसूनच.

ही गाडी जर छोटी, ठेंगणी, टर्बो इंजिनाची स्पोर्टी हॅचबॅक असेल, म्हणजे आय-ट्वेंटी एन लाइन किंवा अल्ट्रोझ रेसरच्या वळणाची, तर सायकल ठेवायची कुठे हा प्रश्न जरा अवघड होतो. त्यावर अमेरिकेत रूढ असलेलं एक उत्तर आहे: हिच रॅक. मागच्या बंपरच्या खाली एक चौकोनी पोकळ नळी बसवायची, तिला रिसीव्हर म्हणतात. छोट्या गाड्यांना सव्वा इंची, मोठ्यांना दोन इंची. रॅकचा दांडा त्या नळीत सरकवायचा, आडवी पिन घालायची, पिनेला क्लिप लावायची, आणि रॅकच्या पाळण्यात सायकली उभ्या करायच्या. मूळ ही सोय ट्रेलर ओढण्यासाठी होती. युरोपात त्याच जागी ५० मिलिमीटरचा गोळा असतो आणि रॅक त्या गोळ्याला पकडतो. आपल्याकडे ट्रेलर ओढणारी हॅचबॅक कोणी पाहिलेली नाही, त्यामुळे ही नळी कारखान्यातून येत नाही, मागाहून लावावी लागते. इथेच लोकांच्या मनातली भीती सुरू होते: एवढी नाजूक गाडी, मागे लोंबकळणारं वजन, गाडी बिघडणार. माझं म्हणणं असं की ही भीती चुकीच्या जागी आहे. हिच ही स्पोर्टी गाडीसाठी सायकल बसवायची सगळ्यात शहाणी जागा आहे आणि तिचं लोखंडी काम नीट करता येण्याजोगं आहे. अडतं ते नंबरप्लेटवर आणि दिव्यांवर, आणि त्याचा विचार बहुतेक जण नट-बोल्ट आवळून झाल्यावर करतात.

आधी भीतीचा हिशेब मांडू. रॅक १८ किलोचा, त्यावर १३-१३ किलोच्या दोन सायकली, एकूण ४४ किलो. आय-ट्वेंटीचा व्हीलबेस २५८० मिलिमीटर, लांबी ३९९५. मागच्या चाकापासून बंपरपर्यंत साधारण ६० सेंटिमीटर धरले तर सायकलींच्या वजनाचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे अंदाजे ११० सेंटिमीटरवर येतो. तरफेचं शाळकरी गणित केलं की कळतं, पुढच्या चाकांवरचं वजन सुमारे १९ किलोनी घटतं आणि मागच्या चाकांवर ६३ किलो वाढतं. अकराशे किलोच्या आसपासच्या गाडीत पुढच्या चाकांवर साडेसहाशे-सातशे किलो असतात, त्यातले १९ गेले म्हणजे तीन टक्केही नाहीत. मागे डिकीत लग्नाचं सामान भरतो तेव्हा गाडी याहून जास्त बसते, आणि त्या वेळी स्टिअरिंग हलकं झालं म्हणून कोणी तक्रार करत नाही. चार मीटरच्या आत लांबी ठेवली की कर कमी लागतो, ही सवलत २००६ पासूनची. तिच्यापायी आपल्या हॅचबॅकची शेपूट आखूड झाली, आणि ती आखूड शेपूट इथे कामाला येते. लांब डिकीच्या सेदानमध्ये हाच रॅक अ‍ॅक्सलपासून आणखी मागे गेला असता.

टपावरच्या रॅकशी तुलना केली की हिचची बाजू आणखी वरचढ ठरते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. समृद्धीवर मोटारींना असलेल्या १२० च्या मर्यादेत गाडी हाकली तर तो ८० च्या वेगापेक्षा सव्वादोन पट असतो. टपावर उभ्या केलेल्या दोन सायकली या वाऱ्याला थेट छाती देतात. मागे लावलेल्या सायकली बऱ्याच अंशी गाडीच्याच आडोशाला असतात. शिवाय स्पोर्टी गाडीच्या टपाला बहुधा रेल नसतात, वर सनरूफ असतं, आणि दीड मीटर उंच गाडीवर सायकल चढवली की एकूण उंची अडीच मीटरच्या वर जाते. बेसमेंट पार्किंगच्या तोंडाशी ती विसरली की काय होतं ते सांगायला नको. पूर्वी एसटीच्या टपावर सायकली बिनघोर जायच्या, पण एसटीचा टप त्यासाठीच केलेला होता आणि वर शिडी चढणारा कंडक्टर होता. पट्ट्यांनी डिकीच्या दाराला बांधायचे रॅक स्वस्त असतात, पण स्पोर्टी हॅचबॅकच्या दाराच्या वरच्या टोकाला प्लॅस्टिकचा स्पॉयलर असतो. रॅकचे आकडे नेमके तिथे अडकवावे लागतात. धूळ पट्ट्याखाली गेली की रंग घासून निघतो. त्यात नागपूरचं ऊन. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीवरचे नायलॉनचे पट्टे आणि रबरी पॅड काही उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतात. पट्टा सैल पडला तर रस्त्यावर पडणारी सायकल मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या पुढ्यात पडते.

आता लोखंडी काम. अंगालगत धरलेली बादली आणि हात लांब करून धरलेली बादली यांत जो फरक, तोच डिकीतल्या ४४ किलोंमध्ये आणि रॅकवरच्या ४४ किलोंमध्ये आहे. रिसीव्हर गाडीच्या अंगाला जिथे जोडला आहे तिथून सायकलींचा मध्य अर्धा मीटरभर तरी मागे असतो. खड्ड्यात चाक आपटलं की तेच वजन क्षणभर तिप्पट भासतं असं धरलं, तर १३२ किलोचा भार ५५ सेंटिमीटरच्या दांड्याने जोडणीला पिळतो. जोडणीचे पुढचे-मागचे बोल्ट १५ सेंटिमीटर अंतरावर असतील तर त्या बोल्टांवर दोन्ही बाजू मिळून पावणेपाचशे-पाचशे किलोची ओढ येते, म्हणजे एकेका बाजूला अडीचशे किलोच्या घरात. ऐकायला भयंकर वाटतं, पण ज्याच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं असा दहा मिलिमीटरचा बोल्ट तीन टनांहून जास्त तोलतो. कच्चा दुवा तो नाही. कच्चा दुवा आहे तो दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा, ज्यात तो बोल्ट घुसतो. म्हणून चांगला हिच दोन गोष्टी करतो: बंपरच्या मागे असलेली आडवी धक्का-पट्टी जिथे गाडीच्या दोन लांब पट्ट्यांना मिळते, त्याच मूळच्या भोकांना तो धरतो, आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला जाड लोखंडी पाटी देऊन ओढ पसरवतो. बंपरचं प्लॅस्टिक उतरवायचं, सायलेन्सर त्याच्या रबरी कड्यांतून सोडवून खाली घ्यायचा, पाटी आत सरकवायची, बोल्ट हाताने लावायचे आणि शेवटी टॉर्क रेंचने कंपनीने सांगितलेल्या आकड्यापर्यंत आवळायचे. शे-दीडशे किलोमीटर गाडी चालवून पुन्हा एकदा रेंच लावायचा. अमेरिकेतल्या सगळ्यात हलक्या वर्गाच्या हिचवर २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो उभं वजन मान्य असतं. आपले ४४ किलो त्याच्या निम्म्याच्या आसपास. वर्ग हलका असला तरी चालतं, जोडणी खरी हवी.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो आपल्या हवेतलाच आहे. एवढे सोपस्कार कशाला, एखादा फॅब्रिकेशनवाला चौकोनी पाइप कापून तासाभरात वेल्डिंग करून देईल, खर्चही किरकोळ. देईलही, आणि ट्रॉली किंवा गेट असतं तर त्याच्यासारखा कारागीर नाही. मोटारीच्या मागच्या पट्ट्यांचं पोलाद मात्र वेगळं असतं. पातळ राहूनही बळकट असावं म्हणून ते खास पद्धतीने घडवलेलं असतं आणि गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचा लेप असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेचं बळ जातं, लेप जळतो, आणि पहिल्या पावसाळ्यापासून शिवणीच्या कडेने गंज चढू लागतो, तोही बंपरच्या आड, कोणाला न दिसता. त्याहून वाईट म्हणजे या पट्ट्या मागून धडक बसली की ठरलेल्या क्रमाने चिरडण्यासाठी घडवलेल्या असतात. त्यांच्यात कडक पाइप वितळवून बसवला की तो क्रम बिघडतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पुढच्या-मागच्या क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. चुकीच्या हिचलाही तोच न्याय लागतो. बोल्टने नीट बसवलेला हिच या आक्षेपातून पूर्ण सुटतो असंही मी म्हणणार नाही, कारण बंपरच्या बाहेर डोकावणारी पोलादी नळी मागच्या माणसाच्या नडगीला आणि मागच्या गाडीच्या रेडिएटरला सारखीच लागते. म्हणून वापर नसेल तेव्हा दांडा काढलेला असावा आणि नळीचं तोंड बंपरच्या आतच राहील अशी मापं घ्यावीत.

स्पोर्टी गाडीच्या खास अडचणी आणखी दोन. एक सायलेन्सरची. अशा गाड्यांना एक्झॉस्टची नळी ठसठशीत असते, कधी जोडनळ्या असतात, आणि त्यातून निघणारा गरम झोत नेमका पाळण्यातल्या सायकलीच्या मागच्या चाकाच्या पातळीला येतो. टायर वितळतो, आणि कार्बनचा रिम असेल तर त्यातलं राळेचं बंधन सैल पडू शकतं. नळीचं तोंड आणि टायर यांच्यात वीतभर तरी अंतर हवं. पाळणा उंच किंवा बाजूला असणारा रॅक घ्यावा किंवा सायकल उलट्या दिशेने चढवावी. दुसरी अडचण उताराची. बंपरची खालची कड जमिनीपासून २५ सेंटिमीटर आणि अ‍ॅक्सलपासून ६० सेंटिमीटर असली तर गाडीची शेपूट २२ अंशांच्या चढापर्यंत टेकत नाही. रॅक लावल्यावर शेवटचं टोक १३० सेंटिमीटर मागे, ३० सेंटिमीटर उंचीवर आलं की हाच आकडा १३ अंशांवर उतरतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे केलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून जाताना काही होत नाही. पण वस्तीतल्या गल्लीत कोणी डांबराचा उंच ढिगारा घालून ठेवलेला असतो, त्याला इंडियन रोड्स काँग्रेसशी काही देणंघेणं नसतं. जरीपटक्यासारख्या दाट वस्तीत, जिथे घरासमोर गाडी लावायला हातभर जागा मिळवण्यासाठी शेजाऱ्यांशी बोलाचाली होते, तिथे चार मीटरची गाडी रॅकसह पावणेपाच मीटरची होते, ही गोष्टही छोटी नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे अंतर सांगणारे सेन्सर सक्तीचे झाले. रॅक लावला की ते गाडी मागे घेताना सतत किंचाळत राहतात, आणि वैतागून ते बंद करणाऱ्या माणसाला मागे खेळणारं पोर दिसत नाही.

एवढं सगळं जमलं, तरी खरा अडथळा अजून पुढेच आहे. मोठ्या माणसाच्या सायकलीची लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास, २९ इंची माउंटन बाइकची त्याहून थोडी जास्त. आय-ट्वेंटीची रुंदी १७७५ मिलिमीटर. म्हणजे आडवी उभी केलेली सायकल गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर पसरते आणि तिची दोन चाकं दोन कोपऱ्यांतल्या दिव्यांसमोर येतात. स्पोकांतून लाल उजेड दिसतो, पण मागून धावत्या गाडीतून पाहणाऱ्याला इंडिकेटरची उघडझाप तुकड्यातुकड्यांत दिसते, आणि त्या अर्ध्या सेकंदाच्या गोंधळात तो ब्रेकवर पाय ठेवायला उशीर करतो. मधोमध रॅकचा खांब, चेन, क्रँक आणि पेडल; त्यांच्या आड नंबरप्लेट. प्लेट बंपरवर असली तर पाळणा तिला झाकतो, डिकीच्या दारावर असली तर सायकलीची फ्रेम. दोन सायकली असतील तर काही शिल्लकच राहत नाही. नियम असं सांगतो की मागचा नंबर रात्रीही दिव्याच्या उजेडात १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. आणि ही अपेक्षा कागदी नाही: अपघात करून पळणाऱ्याचा माग, टोलनाक्यावरची खातरजमा, सिग्नल तोडल्याचं ई-चलान, सगळं त्या ५०० गुणिले १२० मिलिमीटरच्या पट्टीवर उभं आहे. कामठी रोडवरच्या ५.६७ किलोमीटरच्या दुमजली उड्डाणपुलावर मागून येणाऱ्या वाहनालाही पुढच्या गाडीची ओळख तिथूनच पटते.

युरोपात यावर सरळ उपाय आहे. जर्मनीत रॅकने नंबर झाकला की तोच नंबर असलेली दुसरी पाटी रॅकवर लावायची, तिला उजेड द्यायचा, आणि झाकलेल्या दिव्यांच्या जागी रॅकवर दिव्यांची पट्टी बसवून ती गाडीच्या सॉकेटला जोडायची. ब्रिटनमध्येही तेच अपेक्षित आहे. आपल्याकडे प्लेट हलवून रॅकवर लावू, असं सुचवणारा माणूस एचएसआरपी विसरलेला असतो. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ही हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच डीलरमार्फत लागून येते, आणि महाराष्ट्रात आधीच्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली आहे. तिच्यावर चक्राचा होलोग्राम असतो, लेसरने कोरलेला क्रमांक असतो आणि ती गाडीला न सुटणाऱ्या स्नॅप लॉकने ठोकलेली असते. काढली की लॉक तुटतं, हाच तिचा हेतू. ती रॅकवर नेता येत नाही, आणि रंगवून घेतलेली नक्कल रॅकवर टांगली तर तिला कायद्याच्या लेखी काडीचीही किंमत नाही. उलट खोटी प्लेट लावल्याचा संशय ओढवून घेतला जातो. दिव्यांच्या पट्टीचा मार्ग मोकळा आहे, पण वायर सोलून टेल लॅम्पच्या तारेला जोडण्याचा जुना रिवाज इथे महागात पडतो. आजच्या गाडीचा संगणक एलईडीतून जाणारा विजेचा प्रवाह मोजत असतो. त्यात फरक पडला की डॅशबोर्डवर इशारा पेटतो, आणि तार कापल्याचं दिसलं की विद्युत भागांच्या वॉरंटीवर वाद होतो. वेगळं मॉड्यूल लावून बॅटरीपासून स्वतंत्र वीज घ्यावी लागते.

कायद्याचा दुसरा पदर फेरफाराचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ने गाडीत नोंदणीपत्राशी विसंगत फेरफार करायला मनाई केली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडक लावला: निर्मात्याने मंजूर करून घेतलेल्या मूळ नमुन्यापासून गाडी हटता कामा नये. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ क मध्ये बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. रॅकवाले यावर उत्तर देतात की कलम ५२ च्या स्पष्टीकरणात फेरफार म्हणजे गाडीच्या मूळ स्वरूपात बदल घडवणारा रचनेतला बदल, असं लिहिलं आहे. चार बोल्टने लावलेली, चार बोल्टने निघणारी नळी मूळ स्वरूप कशी बदलेल? युक्तिवाद तोलामोलाचा आहे, आणि बोल्ट विरुद्ध वेल्डिंग या भांडणात बोल्टच्या बाजूने तो आणखी एक पुरावा आहे. पण प्लेट झाकली जाते या मुद्द्याला तो हात लावत नाही. फेरफार नसला तरी नंबर दिसत नाही हा स्वतंत्र दोष राहतो. विम्याचंही असंच. जादा बसवलेली वस्तू पॉलिसीत बिगरविद्युत अ‍ॅक्सेसरी म्हणून जाहीर करून तिचा हप्ता भरलेला नसेल, तर मागून धडक बसल्यावर सर्व्हेअर सगळ्यात आधी त्या नळीकडेच बोट दाखवतो.

यावर नेहमीचं उत्तर: पोलीस कधी अडवत नाहीत. शहरात एखाद्या रविवारी पहाटे खरंच कोणी अडवत नाही, आणि अडवलं तरी सायकल पाहून कौतुकाने सोडतात. पण समृद्धीच्या तोंडाशी परिवहन विभागाने टायर तपासून गाड्या परत पाठवल्या आहेत; महामार्गावर गाडीची तपासणी होते हे आता नवल राहिलेलं नाही. शिवाय अडवत नाहीत हा सुरक्षेचा पुरावा नव्हे. १२० च्या वेगाने मागून येणाऱ्याला आपला इंडिकेटर दिसला पाहिजे, ही गरज पोलीस असोत वा नसोत कायम आहे. दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक आहे: रॅक कशाला, सायकल गाडीतच घाला. एकट्या सायकलस्वाराला मी तेच सांगेन. पुढचं चाक काढून, मागची सीट पाडून, डिरेल्युअर वरच्या बाजूला येईल अशी सायकल आडवी निजवली की ती हॅचबॅकमध्ये बसते, खाली जुनी चादर घातली की ग्रीस लागत नाही, नंबर दिसतो, दिवे दिसतात. पण दोन सायकली आणि तीन माणसं असली की हा उपाय संपतो. नवरा-बायको दोघं ब्रेव्हेला निघाले आहेत आणि मागे मुलगी बसली आहे, असं घर कल्पनेतलं नाही, आणि त्या घराला दुसरी मोठी गाडी घ्या असं सांगणं म्हणजे दोन सायकलींसाठी दीड टन लोखंड विकत घ्यायला लावणं.

म्हणून बदल करायचा तर नियमात करावा लागेल, आणि तो अवघड नाही. एचएसआरपी देणारी यंत्रणा आज गाडीच्या नोंदणीशी जोडलेली आहे. खराब झालेल्या प्लेटच्या बदल्यात नवी प्लेट त्याच यंत्रणेतून मिळते. त्याच वाटेने, मान्यताप्राप्त रॅकच्या खरेदीची पावती दाखवल्यावर, वेगळ्या रंगाच्या कडेची आणि स्वतःच्या लेसर क्रमांकाची एक जादा पाटी देता येईल, जी फक्त रॅकवरच्या उजेड असलेल्या चौकटीत बसेल आणि जिची नोंद गाडीच्या खात्यावर असेल. जादा प्लेट चोरांच्या हाती लागेल, हा आक्षेप लगेच येईल. आज ज्याला खोटी प्लेट हवी आहे तो रंगवून घेतोच. नोंद असलेली, क्रमांकित पाटी उलट शोधायला सोपी. त्याबरोबर हिचलाही गाडीच्या मॉडेलप्रमाणे मंजुरी आणि वजनाची मर्यादा ठरवून द्यावी, म्हणजे फॅब्रिकेशनवाला आणि टॉर्क रेंचवाला यांच्यातला निवाडा कागदावर होईल.

तोवर कोणाला रॅक घ्यायचाच असेल, तर पैसे मोजण्याआधी एक साधी परीक्षा घ्यावी. रात्री गाडीचे दिवे लावून ती मोकळ्या जागी उभी करावी. बंपरच्या मागे, रॅकचा पाळणा जितक्या उंचीवर येईल तितक्या उंचीवर विटा रचून त्यांवर सायकल आडवी उभी करावी आणि कोणाला तरी ती धरायला सांगावं. मग १५ मीटर, म्हणजे मोठी वीसेक पावलं मागे जाऊन नंबर वाचावा, ब्रेक दाबायला सांगून दोन्ही लाल दिवे पाहावेत, डावा-उजवा इंडिकेटर पाहावा, आणि मग तिरकं दोन पावलं सरकून पुन्हा पाहावं, कारण शेजारच्या लेनमधला माणूस तिथूनच पाहतो. नंबर पूर्ण वाचता आला तरच हिच घ्यावा, एका सायकलीचा. अक्षर जरी अडलं तरी सायकल आत निजवावी किंवा दुसरी मित्राच्या गाडीत द्यावी. आणि रॅक घेतलाच असेल तर परतल्यावर तो पिन काढून घरात ठेवावा. दुमडून उभा केलेला रिकामा रॅकही नंबरच्या मधोमध येतो, आणि सोमवारी सकाळी ऑफिसला निघालेल्या गाडीला तर सायकलीचं निमित्तही नसतं.